नदी उघडायचा नारळ

आमचा कुमार नाखवा अलिबागकडचा कोळी, आणि नोकरी कसली, तर अमेरिकेतल्या कोलंबिया नदीत सॅमन मासा किती चढला यावर नजर ठेवायची. पोर्टलंडच्या मराठी मंडळात त्याला ओळखत ते फुकटच्या माशांसाठी. त्याच्या शब्दावर नदीकाठची कितीतरी घरं चालतात, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

सॅमन वसंतात समुद्रातून नदीत शिरतो आणि अंडी घालायला वर चढतो. कुमार धरणाशी चढलेले मासे बघे, खालच्या अंगाला नमुन्याची जाळी टाकून बघे. पुरेसे आलेत असं तो म्हणाला की कोळ्यांना मासेमारीसाठी नदी उघडायची. पहिल्याच वर्षी, उघडण्याच्या सकाळी, त्याने सवयीने धक्क्यावरून नारळ सोडला. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्यात सोडतात तसा. ते गोरे कोळी आधी हसले. पण त्या वर्षी जाळी भरून आली, आणि मग दरवर्षी नारळाशिवाय एकही होडी सुटेना.

२००५ साली माशांचा अंदाज दांडगा होता आणि मासा काही येईना. 'अजून थांबा' सांगून सांगून कुमारचा जीव विटला. नीला, त्याची बायको, सांगायची की तो जेवता जेवता बसल्या जागी झोपतो.

"गावी दर्या बंद असला की कुणी कुणाला दोष देत नाही रे," तो मला फोनवर म्हणाला. "इथे बंद करणारा मीच."

नदी उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या मोसमाच्या शेवटच्या बैठकीला मी त्याच्यासोबत गेलो. हॉलच्या दारात त्याचा शेजारी, म्हातारा आर्नी, उभा होता. हा मोसम गेला तर आर्नीला होडी विकावी लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याने जाकिटातून नारळ काढून कुमारच्या हातात ठेवला. या गडबडीत कुमार विसरेल म्हणून तो स्वतःच दुकानातून घेऊन आला होता.

 कुमार म्हणाला, "आर्नी, हा नदी उघडली तरच सोडायचा असतो."

आर्नीला कळलं. पण त्याने नारळ परत घेतला नाही.

"मग घरी ने," तो म्हणाला. "नीला चटणी छान करते."

त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर कुमारला सोपं गेलं असतं. आर्नी आत गेला आणि कुमार काय सांगतो ते ऐकायला पहिल्या रांगेत बसला.