बंदी उठली त्या दिवशी

बोरीच्या बाजारात शेळ्या विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना त्या समोरच्याचं मनगट धरत आणि आपलं सांगून झाल्याशिवाय सोडत नसत. आमची सहकारी बँक अडचणीत आली, पैसे काढायला बंदी झाली आणि सरकारनं प्रशासक नेमला, तेव्हा त्यांनी त्या साहेबांचंही मनगट धरलं.

"शेळ्या इकून ठेवलेले पैसे हायेत. मिळतील का न्हाई, खरं सांगा."

"मिळतील मावशी. थोडा वेळ लागेल."

"मग थांबते."

बंदी उठली त्या सकाळी सगळं गाव बँकेच्या दारात लोटलं. बँक पुन्हा बंद पडेल या धास्तीनं मीही सगळी रक्कम काढायला रांगेत होतो. मावशी पुढं होत्या. पैसे घेऊन त्या थेट बाजारात गेल्या आणि थोड्या वेळानं दोन गाभण शेळ्या घेऊन परतल्या.

"लागले तेवढेच काढले, बाकीचे बँकेतच हायेत," त्या मला म्हणाल्या. "तुमी कशाला घाबरायलाव? बाजार लय भरलाय, जाऊन बघा."

रांगेत हसू पसरलं. काहीजण बाजाराकडं वळले, त्यांच्यामागं मीही निघालो. शेळ्यांना वाट द्यायला उरलेली रांग दोन्हीकडं सरकली आणि मावशी वरमाईच्या तोऱ्यात मधून चालत गेल्या.