प्राप्तीच्या मानेतल्या मुंग्या

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा शब्द मागेपुढे झाले तर झाले.

विनिता माझी धाकटी जाऊ. उरणच्या मिठागरांवर वाढली आणि लग्नानंतर कंटेनर यार्डाच्या रस्त्याला चहा-वडापावची टपरी टाकली. माझा दीर दिपेश ट्रेलर चालवतो, बरेचदा गुजरातच्या फेऱ्यांवर असतो. टपरीवर दांडगट ड्रायव्हरांना सरळ करणारी ही बाई घरात सासूबाईंपुढे मान वर करत नसे. मला ते कधीच पटलं नाही.

तिची प्राप्ती नऊ वर्षांची. गेल्या वर्षी पोरीचा खांदा उडायला लागला. मग मानेला झटके, घशातून हुंकार. शाळेतल्या बाईंना वाटलं, मुद्दाम चाळे करते. नवरात्रात देवळात ढोल वाजत असताना तेच झालं आणि नेमके चांगदेवमामा समोर. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ आणि गावचे भगत. अंगात आलेलं वारं खरं की खोटं, हे ओळखायला ते एक प्रश्न विचारतात. तोच त्यांनी पोरीला विचारला.

"येन्याच्या आदी अंगान काय व्हतं गो?"

पोर खरं बोलली. मानेत मुंग्या येतात, दाबून धरलं की वाढतात, झटका दिला की बरं वाटतं.

झालं. मामांनी देवीचं वारं खरं ठरवलं आणि नारळ फोडला. तेव्हापासून दर मंगळवारी प्राप्तीला पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावायचं. बायका तिच्या पायावर डोकं ठेवून जमिनीच्या केसचं विचारायच्या, पोराच्या लग्नाचं विचारायच्या. रडली तर म्हणायच्या, देवी रुसली. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. वर्गातल्या मुली तिच्याशी खेळेनाशा झाल्या, त्यांना घरून ताकीद होती.

शेवटी विनितानं तिला पनवेलच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. मी सोबत गेले. सासूबाई हट्टानं आल्या आणि आत पोरीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. बाई म्हणाल्या, याला टिक्स म्हणतात, यात देवही नाही आणि खोडीही नाही. झटक्याच्या आधी आत काहीतरी जाणवतं. ते किती, हे आधी प्रश्न विचारून आकड्यात मोजायचं. ते जाणवताक्षणी दुसरी हालचाल कशी करायची, हे मुलांना शिकवता येतं. पण ते जाणवणं बाहेरून दिसत नाही, मुलांनीच सांगावं लागतं.

बाई एकेक प्रश्न वाचू लागल्या. खांदा उडायच्या आधी आत खाज सुटल्यासारखं वाटतं का? काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं का?

प्राप्ती प्रत्येक प्रश्नाला आजीकडे बघायची आणि म्हणायची, "नाय."

"काही मुलांना सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "मग ही शिकवणी आत्ता नको. थोडी मोठी होऊ दे."

म्हणजे तोवर पाटावर बसायचं. मला बाईंचाही राग आला. आजीच्या समोर कशाला विचारायचं पोरीला?

विनिता उठली. "आई, तुमी भाईर बसा."

"मी का भाईर? माझी नात हाय."

"म्हनूनच."

लग्नाला बारा वर्षं झाली, तिचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सासूबाई पुटपुटत बाहेर गेल्या. विनिता पोरीसमोर उकिडवी बसली. "हितं हो म्हनलीस तरी कोन पाया पडनार नाय."

प्राप्तीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमी पन नाय?"

"मी पण नाही, बाळा."

बाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. पोर भडाभडा बोलली. आकडा पार वर गेला. बाईंनी तिला तिथेच खांदा खाली दाबून सावकाश श्वास सोडायला शिकवलं.

पुढच्या मंगळवारी सासूबाईंनी मामांनी दिलेला पाट पुन्हा मांडला. ओसरीवर बायका दाटल्या. मामा आले. प्राप्ती भिंतीला टेकून, खांदा दाबून श्वास सोडत होती.

"येतंय का गो?" मामांनी विचारलं.

"येतंय," पोर म्हणाली. "रोज येतंय. पन ते माजं हाय. देवीचं नाय."

पुढं बसलेली एक बाई हात जोडून म्हणाली, "देवी बोलली." ती वाकली. तिच्यामागे दुसरी वाकली. मला ओरडावंसं वाटलं. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं आणि तिचा खांदा पुन्हा उडाला.

विनिता मधे येऊन उभी राहिली. त्या बाईचं कपाळ विनिताच्याच पायावर टेकलं. विनितानं तिला दंडाला धरून उठवलं, जरा जोरातच, आणि मामांना म्हणाली, "पाट उचला तुमचा. परत आनू नका."

मामा पाट घेऊन गेले. त्यांच्या मागून सासूबाईही गेल्या, त्या अजून भावाकडेच आहेत. दिपेश विनिताला रोज फोनवर सांगतो, माफी माग आणि आईला परत आण. माफी कुणी कुणाची मागायची, ते त्यानं आधी स्वतःच्या पोरीला विचारावं.