पहिलं रीडिंग

जेवणाच्या सुट्टीत विदुला लॅपटॉपशेजारी हातावर डोकं टेकते, पाचच मिनिटं म्हणून. डोळे अर्धे मिटलेत, तरी ब्राउझरची ती खिडकी दिसतेच आहे, जिच्यात सर्व्हरने उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते ओळीओळीने उमटतं. पान पहिल्यांदा मागितलं तेव्हा नऊ पूर्णांक चार सेकंद. दुसऱ्यांदा शून्य पूर्णांक तीन. मग दहाव्या वेळेपर्यंत तेवढेच.

पान आहे मुलींच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं. चाचणीला बसलेल्या चाळीस मुलींपैकी अकरा जणींनी कोऱ्या पानाकडे बघून, हे बिघडलंय असं समजून, फोन ठेवून दिला होता. चाचणीच्या अहवालावर विदुलाची सही पाच वाजेपर्यंत हवी आहे. टीमचा प्रमुख निनाद सकाळीच सांगून गेलाय, "पहिलं रीडिंग टाकून दे, बाकीच्यांची सरासरी काढ. फिजिक्सवाली ना तू? कॉलेजात हेच शिकवलं असेल की."

शिकवलं होतं. टोचतंय ते तेच.

"काय गो, रीडिंग घेतेस की झोपा काढतेस?"

टेबलापलीकडे पेडणेकर सर उभे आहेत. प्रॅक्टिकलचे सर. त्यांच्या तेराव्याला विदुला गावी जाऊन आली आहे. ते तिला आठवतंही, पण त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही. लॅपटॉप होता तिथे लंबक टांगलेला आहे. टेबलाच्या लाकडावर जुन्या बॅचमधल्या मुलांनी कोरलेली नावं आहेत. सर तिच्या हातात गोल दातेरी बटणाचं स्टीलचं स्टॉपवॉच देतात. ते बर्फासारखं गार आहे.

"पहिलं रीडिंग?"

"नऊ पूर्णांक चार."

"टाकायचं."

"नाही टाकणार."

सर चष्म्यावरून बघतात. "शहरात नोकरी लागली की शिंगं फुटतात वाटतं."

लंबकामागे आता जाळीची खिडकी आहे आणि तिच्यासमोर मुलींची रांग, फायली छातीशी धरलेल्या. सर रांगेच्या तोंडाशी जाऊन बोट दाखवतात. "पहिली, बाजूला हो." मुलगी बाजूला होते. मागची पुढे सरकते. "पहिली, बाजूला हो." तीही होते. तिसरीही. रांग निम्मी संपते आणि खिडकीतून अजून कुणालाच काही मिळालेलं नाही.

"सर, थांबा," विदुला आडवी येते. "यातली दुसरी कोण, ते दाखवा मला."

सर बोट रांगेवरून फिरवतात. पण खिडकीशी जी पोचते ती पहिलीच होते. बोट खाली येतं.

"मी एकटी तेच पान दहा वेळा मागत होते," विदुला सांगते. "पहिल्यानंतर सर्व्हरकडे माझं उत्तर तयारच होतं. या मुली एकेकदाच येणार. प्रत्येकीची माहिती त्याला नव्याने गोळा करावी लागणार. प्रत्येकीला नऊ सेकंद."

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं?"

"तुम्ही का टाकायला लावायचात, ते सांगा आधी."

"अंगठा," सर म्हणतात. "पहिल्या वेळी तुमचे अंगठे घाबरलेले. कुणी बटण आधी दाबायचं, कुणी नंतर. त्यात लंबकाची काय चूक?"

"इथे अंगठाच नाही, सर. वेळ ब्राउझर मोजतो. आणि तो कुणाला घाबरत नाही."

सर विचारतात, "तुझ्या साहेबाला हे माहीत नाही?"

"त्याला नियम माहीत आहे."

"पाठ केलेला. तोंडी परीक्षेत असली पोरं बरोबर सापडायची मला." ते तिच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवतात. "मी काय आता सही करू शकत नाही. दाब. चांगला जोर लावून."

काटा सुटतो. बाजूला काढलेली पहिली मुलगी परत खिडकीशी आली आहे. ती वाट बघते. विदुलाही बघते. नऊ सेकंद इतके लांब असतात हे तिने आजवर नुसतं वाचलं होतं.

"अगं, ऊठ. पाठवलास का?"

निनाद कॉफीचा कप घेऊन उभा आहे. विदुला अहवाल उघडते. पहिलं रीडिंग आहे तिथेच ठेवते आणि खाली लिहिते: 'प्रत्येक अर्जदाराला लागणारा वेळ हाच आहे. सरासरी काढलेली नाही.' सही करते, पाठवते.

निनाद वाकून वाचतो. "प्रोबेशन संपायला अजून दीड महिना आहे तुझं. लक्षात आहे ना?"

"आहे. वेळ कमी हवा असेल तर सर्व्हर दुरुस्त करू. मी थांबते आज. आकडा मात्र दुरुस्त होणार नाही."

तो कप घेऊन निघून जातो.

मग कुठे तिला अंगठ्यात ठणका जाणवतो. उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक गोल वळ उठलाय, कडेने बारीक दाते असलेला. टेबलावर तसली एकही वस्तू नाही. ती दाते मोजते. चोवीस. पुन्हा मोजते. चोवीसच.