वरच्या मजल्यावरची तपासणी

मोबाईलवरच्या खेळाला पट्टी आणि स्टॉपवॉच लावणारा माणूस साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच असावा, आणि तो रहाटणीत आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो. हे काका मूळचे रहाटणी गावातलेच. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत काढून निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. सोसायटीतल्या मुलांनी विज्ञानाचा नवा खेळ टॅबवर घेतला की आधी काकांकडे न्यायचा, असा रिवाजच पडला आहे. काका तो तीनदा खेळतात, वहीत आकडे मांडतात आणि निकाल देतात. एका खेळात चंद्रावर पिसाच्या आधी दगड पडला. "तिथं हवाच न्हाई, मग पिसाला अडवलं कुणी? रिजेक्ट!" माझ्या मोजणीप्रमाणे आजवर बावीस खेळ तपासले गेले, पास झाले पाच.

गेल्या वर्षी पुतण्याकडून शिकून, आठ महिने खपून, त्यांनी स्वतःच एक खेळ केला. झोक्यावरची माकडं. लठ्ठ माकडाचा झोका झपझप, किडकिडीताचा सावकाश. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शनिवारी तो बघायला येणार होत्या. पसंत पडला तर सगळ्या वर्गांत लागणार होता. काकांनी नवा शर्ट शिवला.

शुक्रवारी माझी सहावीतली मुलगी वर जाऊन तो खेळली. घरी येऊन तिने पडद्याच्या दांडीला मीटरभर दोरी बांधली, टोकाला कांदा. दहा झोके, वीस सेकंद. मग कांद्याऐवजी जड कुलूप. तरी वीसच. घड्याळ मीच धरलं होतं, चार वेळा.

"बाबा, वरच्या आजोबांना सांगू?"

"उद्याचं पार पडू दे," मी म्हणालो. मला ते शोभलं नाही. ती सरळ वर गेली.

काकांनी खाली येऊन झोके स्वतः मोजले. आकडे वहीत मांडले. मग म्हणाले, "आपला माल आपणच पास करायचा नसतो. कंपनीत पोरांना हेच शिकवलं, आन् घरी इसरलो."

शनिवारी काकांनी चूक आधीच सांगून टाकली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अहो काका, मुलांना कुठे कळतंय एवढं?"

"हिला कळलं की," काका माझ्या मुलीकडे बघत म्हणाले. "आता कसं चालवू, बाई?"

बाई चहा घेऊन गेल्या. शाळेत दुसराच खेळ लागला. काकांची माकडं चार दिवसांत सुधारली. आता झोका बदलतो तो दोरीच्या लांबीने. शाळेचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

काका अजूनही नवे खेळ करतात आणि सगळ्यांत आधी आमच्याकडे आणतात. मुलगी ते तपासत असते तेवढा वेळ ते दाराबाहेर, चपला न काढता उभे असतात. आत या म्हटलं तरी येत नाहीत. मोजणी चालू असताना बनवणाऱ्याने जवळ थांबायचं नसतं, म्हणतात.