दुसरी खुर्ची

ती घटना आठवली की आजही माझ्या टेबलासमोरच्या दोन खुर्च्या आधी डोळ्यांपुढे येतात. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवरा-बायकोचं भांडण आलं की दोघांना शेजारी बसवायचं, चहा मागवायचा, त्याला दम, तिला उपदेश, मग अदखलपात्र नोंद आणि समझोत्यावर दोघांच्या सह्या, ही माझी पद्धत. संसार मोडू न देणारा साहेब म्हणून माझं नाव झालं होतं आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी एक प्राध्यापक बाई रीतसर परवानगी घेऊन आमची जुनी रजिस्टरं वाचायला येत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "साहेब, ज्या नोंदीत गळा दाबल्याचा उल्लेख आहे, त्यातल्या बायका पुन्हा येतात, जास्त मार खाऊन. काहींच्या तर मृतदेहाचा पंचनामाच येतो. बाईला एकटीला विचारत जा." त्यांनी प्रश्नांचा एक कागद दिला. मी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. म्हणालो, "बाई, कागदावर संसार चालत नाहीत."

पंधरा दिवसांनी सकाळी शिक्रापूरच्या बाजूच्या एका औषध दुकानदाराचा फोन आला. त्याच्या वरच्या खोलीत कंपनीतला एक कामगार बायकोसह भाड्याने राहत होता.

"साहेब, बाईचा आवाज पार गेलाय. पाणी गिळताना रडती. नवरा म्हंतो, घसा बसलाय, गोळ्या द्या. आन् आजच खोली सोडून तिला गावाकडं नेतोय."

"मग बसला असेल घसा."

"एवढ्या उन्हात ओढणी गळ्यावरनं काढंना ती. मला काय बरं वाटंना."

नवऱ्याचं नाव ऐकलं आणि मी चपापलो. महिन्यापूर्वी हेच जोडपं माझ्यासमोर बसून सह्या करून गेलं होतं. महिला हवालदाराला बरोबर घेतलं. निघताना तिने काचेखालचा तो कागद ओढून घेतला.

खोलीत सामान बांधून तयार होतं. खाली मोटरसायकल उभी. नवरा अदबशीर, आम्हाला पाणीही दिलं. मी बाईला काही विचारलं की उत्तर तोच द्यायचा.

"सर, बोलू नको म्हणलंय डॉक्टरनं तिला."

"कोणत्या डॉक्टरने?"

तो अडखळला. "म्हंजी... मेडिकलवाल्यानं."

मी त्याला खाली जीपजवळ आणलं. हवालदाराने वर दार लावून घेतलं. तो माझ्याशी बोलत होता, पण नजर त्या दाराकडे. शेवटी त्याने मोबाइल काढून समझोत्याच्या कागदाचा फोटो दाखवला. "सर, आमचं मिटलंय. तुमचीच सही हाय ह्याच्यावर. जाऊ द्या आम्हाला." सही माझीच होती.

वर काय झालं ते हवालदाराने नंतर सांगितलं. कागदावरचा पहिला प्रश्न होता, 'आपला श्वासावरोध करण्यात आला होता का?' बाईने नकारार्थी मान हलवली. हवालदाराने कागद खिशात घातला आणि विचारलं, "ताई, त्यानं गळ्याला हात लावला तवा डोळ्यापुढं अंधारी आली व्हती का?" बाईने ओढणी सोडली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर वळ थोडे आहेत, आतून सूज फार आहे, आणखी एकदा गळा दाबला असता तर बाई हाती लागली नसती. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला.

आवाज परतल्यावर तिचा जबाब घेतला. मी विचारलं, "ताई, महिन्यापूर्वी माझ्यासमोर का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच आले व्हते, साहेब. तुम्ही त्याला शेजारी बसवलं. चहाचा कपसुदीक त्याच्याच हातनं दिला मला."

प्राध्यापक बाई पुन्हा आल्या. हवालदाराचा प्रश्न त्यांनी जसाच्या तसा कागदावर घेतला आणि आपला खोडला. त्यांच्या अभ्यासाशिवाय आम्ही तो प्रश्न विचारला नसता आणि हवालदाराशिवाय तो बाईला कळला नसता. चुकलो ते मात्र मीच. निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलासमोर मग एकच खुर्ची राहिली. रजिस्टरात माझ्या समझोत्यांखाली सही केलेल्या इतर बायकांना प्राध्यापक बाई शोधून भेटत होत्या. मला म्हणाल्या, चला बरोबर. माझं धाडस झालं नाही.