कुंपणाचं सरपण

डहाणूला आमच्या चिकूच्या वाडीला लाकडी कुंपण आहे. वाळवी लागू नये म्हणून सासरे खांब मोरचुदाच्या पाण्यात भिजत घालत, मग वाळवून त्यांना डांबर आणि चारोटीच्या गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल चोपडत. त्या दिवसांत अंगणात डोळ्यांची आग व्हायची. ओल्या खांबांवर मधमाश्या चिकटून मरायच्या.

गेल्या माघात जुने खांब काढून त्यांचे तुकडे केले. सासूबाईंनी एक तुकडा पाणी तापवायच्या चुलीत सारला. मी बादली घेऊन गेले, तर जाळ हिरवा दिसला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"डोकं गरगरतंय गं," म्हणाल्या आणि त्यांना उलटी झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "काय जाळलंत?" आम्ही सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. "ते लाकूड पुन्हा चुलीत जाता कामा नये."

घरी आलो तर ढीग जागेवर नव्हता. सासरे म्हणाले, "काल संध्याकाळीच मावशीला दिला. सरपण हवं होतं तिला."

मावशी आमच्या वाडीत कामाला येतात, राहतात उधव्याजवळच्या पाड्यात. त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. मी आणि नवरा मोटारसायकलवर निघालो.

त्यांच्या घराच्या कौलांमधून काळा धूर निघत होता. हाक मारली, तेव्हा मावशी डोळे पुसत बाहेर आल्या. "ताई, हे लाकूड फार धुरकट आहे."

आत चुलीवर भात रटरटत होता. मी जाळावर पाणी ओतलं. "हा भात खाऊ नका."

"सकाळचा खाल्ला की," त्या म्हणाल्या. मग खोकायला लागल्या.

उरलेलं लाकूड कुठे आहे, असं नवऱ्याने विचारलं. त्यांनी पलीकडच्या मांडवाकडे बोट दाखवलं. तिथे लग्न होतं. मोठ्या पातेल्याखाली आमचे खांब जळत होते, आणि पहिली पंगत उठून हात धूत होती.

नवऱ्याने नवरदेवाच्या वडिलांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः लाकडं ओढून काढली. जेवलेली माणसं आमच्याकडे बघत उभी राहिली.

त्या रात्री पाड्यात कुणाला काही झालं नाही, असं मावशींनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. सासूबाई सावरल्या. मावशींचा खोकला मात्र पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

उरलेले तुकडे गोण्यांत भरून आम्ही परत आणले. त्यांचं काय करायचं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी मी कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं.

"एवढं काय त्यात," तो म्हणाला, "जाळून टाका."