बिनविरोध

मसालेभाताचं गरम पातेलं माझ्या दोन्ही हातांत होतं. तेवढ्यात नाना आले आणि त्यांनी टेबलावरचा माझा उमेदवारी अर्ज घडी करून माझ्याच शर्टाच्या खिशात ठेवला. वर खिसा थोपटला.

र्युसेल्सहाइमचा भाड्याचा हॉल. जर्मनीतल्या हेसन राज्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष त्या दिवशी ठरायचा होता. नाना मावळते अध्यक्ष, आणि पुन्हा उभे. मोटारींच्या कारखान्यात मोठे इंजिनिअर.

"अहो, आपल्याकडे अध्यक्ष बिनविरोधच होतो. घरातली गोष्ट आहे," ते म्हणाले. "आणि स्टेजवर जर्मन पाहुणे असतात. तुमचं बोलणं जरा... कळतंय ना? स्वयंपाकात मात्र तुमचा हात कुणी धरणार नाही."

मी आयटीआय करून इथे आलो. वेल्डिंग केलं. आज कंपनीच्या खरेदी विभागात बसतो आणि पुरवठादारांना घाम फोडतो, जर्मनमध्येच. तोंडी शब्दावर एक बोल्ट घेत नाही. पण मागच्या निवडणुकीत याच नानांनी "पुढच्या वेळी तुम्हीच" म्हटलं आणि मी अर्ज मागे घेतला. कागद न मागता. का? मोठ्या आडनावाच्या माणसाने खांद्यावर हात ठेवला की आमच्या घरात मान खाली जाते. माझ्या बापाची जायची. गावजेवणाला तो लाकडं फोडायचा आणि सगळ्यांत शेवटी, बाहेर बसून जेवायचा.

पापडांचं ताट घेऊन मुलगी शेजारी उभी होती. बारा वर्षांची. मराठी कळतं, बोलते जर्मन.

"पापा, वारूम इमर दू?"

नेहमी तूच का? नानांनाही कळलं. ते हसले.

मी तापट आहे. ओरडतो. त्या दिवशी ओरडलो नाही. पातेलं तिथेच वाटेत ठेवलं. अर्जाची घडी उलगडली आणि निवडणूक घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

"गुप्त मतदान घ्या. नियमावलीत आहे. वाचून दाखवू?"

मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा मतांसाठी कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या गेल्या.

हरलो. माझ्या हातचं वर्षानुवर्षं खाणाऱ्यांनीच पाडलं.

नाना आले. "झालं समाधान? चला, वाढायला घ्या. लोक खोळंबलेत."

मी भातवाढी त्यांच्या हातात दिली. मुलीला घेऊन पहिल्या टेबलावर बसलो. आमच्यापर्यंत भात यायला बराच वेळ लागला. बसून राहिलो.

पुढच्या वेळी अर्ज भरणार. पडलो तर त्याच्या पुढच्या वेळीही. मी सभासद आहे तोवर या राज्यात कुणी बिनविरोध अध्यक्ष होणार नाही.